दागिन्यांचे फिरते डिस्प्ले स्टँड: कोल्हापुरातले सराफ आणि ऑनलाइन विक्रेते आम्हाला नेहमी विचारतात ते प्रश्न

गुजरीतल्या पेढीवरून फोन येवो, हुपरीच्या चांदीवाल्यांचा येवो किंवा राजारामपुरीतून घरबसल्या मोत्याचे दागिने विकणाऱ्या ताईंचा येवो, फिरत्या स्टँडबद्दलचे प्रश्न बहुतेक तेच असतात. फोनवर उत्तर द्यायचं तर घाई होते आणि महत्त्वाचं राहून जातं, म्हणून सगळं इथे सविस्तर लिहिलं आहे. आम्ही स्टँड बनवतो, तरी एक गोष्ट आधीच सांगतो: प्रत्येक दागिना फिरवायचा नसतो. लखलखणारं फिरवावं, कोरीव काम शांतपणे बघू द्यावं. पुढची बरीच उत्तरं याच धोरणावर उभी आहेत.

फिरत्या स्टँडचा खरंच उपयोग होतो की नुसती शोभा?

पैलू पाडलेल्या खड्याला नक्की होतो. गोल ब्रिलियंट हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात. त्यातला प्रत्येक पैलू एका ठरावीक कोनातच दिव्याचा प्रकाश तुमच्या डोळ्यांपर्यंत पाठवतो. हिरा जागेवर पडून असला तर त्यातले मोजकेच पैलू पेटतात, बाकीचे अंधारात राहतात. हातात अंगठी घेतली की माणूस आपोआप बोट हलवतो ते त्यासाठीच. काचेच्या आड ठेवलेल्या अंगठीला हे हलणं मिळत नाही, ते काम स्टँडची फिरती तबकडी करते.

आरसा एक अंश फिरला की त्यावरून परतणारा किरण दोन अंश सरकतो. तबकडी मिनिटाला दोन फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला १२ अंश फिरते आणि वरच्या पैलूवरून परतलेला किरण साधारण त्याच्या दुप्पट वेगाने सरकतो. खड्याच्या आत शिरून परतणाऱ्या प्रकाशाचा मार्ग आणखी गुंतागुंतीचा असतो. म्हणून तबकडी अगदी सावकाश फिरत असली तरी खडा पटापट चमकतो. रस्त्याने जाणाऱ्याची नजर त्या चमकेवर थांबते, तबकडीवर नाही.

मग शोकेसमधलं सगळंच फिरतं ठेवू का?

नको. एका काचेत एकच फिरती जागा ठेवा, फार तर दोन. चार तबकड्या चार वेगांनी फिरायला लागल्या की नजर कशावरच ठरत नाही आणि गिऱ्हाईक पुढच्या दुकानाकडे वळतं.

आता कोणता दागिना फिरवायचा ते बघू. हिऱ्याची अंगठी, खड्यांचे टॉप्स, झुमके, नथ हे फिरवावेत. नथीचं उदाहरण घ्या. समोरून बघितलं तर मोत्यांचा घोस आणि मधले लाल-हिरवे खडे दिसतात, पण मोती तारेत कसे गुंफलेत आणि फासा कसा वळवलाय हे बाजूनेच कळतं. जिला नथ घ्यायची असते ती हे बघतेच. बुगडी आणि कुड्यांचंही तसंच.

कोल्हापुरी साज मात्र फिरवू नका, असा आमचा आग्रह असतो. साजात जाव मणी आणि त्यांच्यामध्ये ओवलेली पानं असतात. परंपरेने ही पानं २१ सांगतात: दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरलं. मासा, कासव, चंद्र, बेलपान अशी ती पानं माणूस एकेक करून वाचतो. आजी नातीला बोट दाखवून सांगते, हे कासव बघ, हा भुंगा बघ. हा वाचायचा दागिना सतत सरकत राहिला तर वाचणार कसा? साज गळ्याच्या डमीवर किंचित मागे कललेला, स्थिर ठेवा आणि पैसे चांगल्या दिव्यावर खर्च करा. वज्रटीक, चिंचपेटी, पुतळी हार यांनाही हेच लागू.

कुंदन आणि पोलकीची तऱ्हा वेगळी. पोलकी हिरा चपटा, पैलू कमी, मागे वर्ख. तो बारीक लुकलुकत नाही, मोठे शांत उजेड टाकतो. त्याला फिरवायचंच असेल तर मिनिटाला एक फेरी पुरते.

ठुशी फिरवली की अर्धा वेळ मागचा गोंडाच दिसतो. काय करायचं?

गळ्यातल्या प्रत्येक दागिन्याची हीच अडचण आहे. ठुशीचे मणी समोर गच्च बसलेले असतात आणि मागे दोरा असतो. पूर्ण फेरी घेणाऱ्या स्टँडवर तो अर्धी फेरी पाठ दाखवतो. तेवढ्यात बघणारा निघून जातो.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, डमीच्या जागी पाठीला पाठ लावलेले दोन उतरते बोर्ड बसवायचे आणि दोन्हीकडे वेगळा हार लावायचा. एक वळला की दुसरा समोर येतो. हा उपाय आम्हाला सगळ्यांत आवडतो, कारण जागा तेवढीच लागते आणि माल दुप्पट दिसतो. दुसरा, पूर्ण फेरी न घेता मागे-पुढे झुलणारा स्टँड. यात तबकडी साधारण ६० ते ९० अंश जाऊन परत येते. तिसरा, मागे आरसा. पण आरशात मागचा दोरा, किमतीची चिठ्ठी आणि डमीचा उघडा कडा सगळंच दिसतं, म्हणून आरसा लावणार असाल तर मागची बाजूही पुढच्याइतकीच नीट ठेवावी लागते.

वेग किती ठेवायचा?

दागिन्यांना मिनिटाला एक ते तीन फेऱ्या. दोन फेऱ्या म्हणजे एका फेरीला ३० सेकंद. हार मोठा असेल तर एक, सुटा खडा किंवा अंगठी असेल तर तीनपर्यंत चालेल. त्यापुढे गेलं की दागिना खेळण्यासारखा वाटतो.

ऑनलाइन मागवताना एक आकडा नीट वाचा. साध्या एसी सिंक्रोनस मोटरवर ‘५/६ आरपीएम’ किंवा ‘२.५/३ आरपीएम’ असं छापलेलं असतं; आरपीएम म्हणजे मिनिटाला फेऱ्या. ही मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालते. पहिला आकडा ५० हर्ट्‌झचा, दुसरा ६० हर्ट्‌झचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून ५/६ वाली इथे मिनिटाला पाच फेऱ्या घेते. ती मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ताटाला ठीक, हिऱ्याच्या अंगठीला जलद. आपण २.५/३ किंवा त्याहून सावकाश मोटर मागावी. एसी सिंक्रोनस मोटरचा वेग साध्या पंख्याच्या रेग्युलेटरने कमी होत नाही, तसला प्रयोग करू नका. वेग बदलता हवा असेल तर १२ व्होल्टची डीसी गिअर मोटर आणि तिचा वेग-नियंत्रक घ्या.

माझा स्टँड कधी उजवीकडे फिरतो, कधी डावीकडे. बिघडलाय का?

नाही. साधी सिंक्रोनस मोटर बटण दाबताना वीज ज्या क्षणी मिळेल त्यानुसार दिशा पकडते. हात लागून अडली तर ती उलटीही फिरायला लागते. दुकानात याने काही बिघडत नाही. व्हिडिओसाठी मात्र दिशा तीच राहायला हवी, तिथे डीसी मोटर घ्या.

वीज, बॅटरी, यूएसबी, सोलर की हाताने फिरवायचा? कोणता घेऊ?

दुकानात कायमचा ठेवायचा असेल तर वीज किंवा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर. रोज दहा-दहा तास चालणाऱ्या स्टँडला सेल पुरत नाहीत आणि एखाद्या सेलमधून पाणी सुटलं की आतले संपर्क खराब होतात. ज्या स्टँडचे सेल महिनाभर लागणार नाहीत त्यातून ते काढून ठेवा.

सोलरचे छोटे स्टँड दिसायला गोंडस असतात. सुटा खडा किंवा एखादी अंगठी पेलतात, पण उजेड कमी झाला की थांबतात आणि जरा वजन वाढलं तरी थांबतात. खिडकीतल्या एखाद्या खड्यापुरते ठीक.

हाताने फिरवायचा, बेअरिंगवरचा स्टँड मात्र लोक उगाच कमी लेखतात. काउंटरवर गिऱ्हाईक समोर बसलं आहे, तुम्ही पाटल्या किंवा तोडे काढून ठेवलेत, तेव्हा मोटर नकोच. तुम्हाला हवी ती बाजू बोटाने वळवून दाखवता येते, हवं तिथे थांबता येतं. मोटर रस्त्यावरच्या माणसासाठी, हात समोर बसलेल्यासाठी.

एक इशारा: ज्या स्टँडला मोटर आहे तो कधी हाताने ढकलून फिरवू नका. आतले गिअर बहुतेक प्लास्टिकचे असतात, ताकदीने फिरवले की दात तुटतात. गिऱ्हाईक हात लावणारच असेल तर घसरणारा क्लच असलेला स्टँड मागा. त्यात वरची तबकडी अडली तरी खालची मोटर सुरक्षित राहते.

प्रदर्शनात पॉवर बँकेवर लावला तर थोड्या वेळाने आपोआप बंद पडतो. का?

छोटी मोटर फारच कमी वीज घेते. बऱ्याच पॉवर बँकांना वाटतं की मोबाइल चार्ज होऊन संपला, म्हणून त्या स्वतःला बंद करतात. त्याच पॉवर बँकेवर यूएसबीची एलईडी पट्टीही जोडा, किंवा कमी विजेवर चालू राहण्याची सोय असलेली पॉवर बँक घ्या.

डब्यावर ‘३ किलो’ लिहिलंय. म्हणजे तीन किलोपर्यंत काहीही ठेवू शकतो ना?

तीन किलो म्हणजे मधोमध, सपाट जागेवर ठेवलेले तीन किलो. गळ्याचा डमी कडेला ठेवला, हाराचं सगळं वजन एका बाजूला आलं, तर त्याच्या निम्म्या वजनालाही बेअरिंग घासायला लागतं. वरची तबकडी बदलणार असाल तर तिचं वजनही धरा. १२ इंची, १० मिलिमीटर जाडीची अ‍ॅक्रिलिकची तबकडी एकटीच साडेआठशे ग्रॅमच्या आसपास भरते. संगमरवरी तुकडा लावायची हौस असेल तर आधी वजन करा.

आपल्याला लागणाऱ्या वजनाच्या दुप्पट क्षमतेचा स्टँड घ्यावा. आणि नवा स्टँड आल्यावर ही परीक्षा करा: एक लांब झुमका तबकडीच्या कडेजवळ उंच स्टँडवर लटकवा आणि पाच मिनिटं बघत बसा. झुमका जवळजवळ सरळ लटकत राहिला तर मोटर आणि गिअर चांगले. प्रत्येक फेरीत एकाच ठिकाणी झोका खात असेल तर एक तर टेबल तिरकं आहे किंवा गिअरमध्ये ढिलाई आहे. टेबलाखाली कागदाची घडी सरकवून पुन्हा बघा. तरीही झोका जात नसेल तर स्टँड परत करा. दागिना थरथरला की बघणाऱ्याला तो हलक्या घडणीचा वाटतो, मग तो कितीही भरीव असो.

दिवे कसे लावू? एवढा स्टँड घेतला तरी खडा चमकत नाही.

दहापैकी नऊ वेळा दोष दिव्याचा असतो. चांगल्या दिव्याखाली साधा स्टँडही काम देतो, वाईट दिव्याखाली महागडा स्टँड वाया जातो. खर्च वाटून करायचा असेल तर आम्ही दिव्याकडे जास्त ठेवायला सांगतो.

छतावरचा मोठा पॅनल लाइट सगळीकडून सारखा उजेड टाकतो. त्यात खडा स्वच्छ दिसतो पण लखलखत नाही, कारण चमकण्यासाठी छोटा, टोकदार दिवा आणि त्याच्या आजूबाजूला थोडा अंधार लागतो. हिरे, पुष्कराज, नीलम यांना अरुंद झोताचे दोन-तीन छोटे एलईडी स्पॉट वेगवेगळ्या कोनांतून द्या. दिवे स्थिर राहू द्या, फिरू दे तो फक्त खडा. तबकडीतच दिवे बसवलेले स्टँड मिळतात, पण दिवा आणि खडा दोघे मिळून फिरले की पैलूंवर प्रकाश तसाच पडून राहतो आणि फिरण्याचा अर्धा फायदा जातो.

मोत्याला याच्या उलट. मोत्याचं पाणी मऊ, पसरट उजेडात दिसतं. टोकदार स्पॉटमध्ये प्रत्येक मोत्यावर एक पांढरा ठिपका उमटतो, बाकी मोती मळकट दिसतो. तन्मणी, मोत्याच्या कुड्या, नथ यांच्यासाठी दिव्यापुढे दुधी अ‍ॅक्रिलिकचा पडदा लावा.

लसण्या (मांजराच्या डोळ्यासारखी प्रकाशाची रेघ दिसणारा खडा) आणि स्टार नीलम (प्रकाशाची चांदणी दिसणारा नीलम) यांना वरून सरळ एकच दिवा. दुसरा दिवा लागला की दुसरी रेघ उमटते आणि गोंधळ होतो. एका दिव्याखाली लसण्या सावकाश फिरवला की ती प्रकाशाची रेघ खड्याच्या पाठीवरून सरकत जाते. आमच्या मते फिरत्या स्टँडचा सगळ्यांत सुंदर उपयोग हाच आहे, आणि दुकानांत तो फारसा दिसत नाही.

उजेडाच्या रंगाबद्दल (तो केल्विनमध्ये मोजतात): सोन्याला ३००० केल्विनच्या आसपासचा उबदार उजेड, चांदी आणि हिऱ्याला ४००० ते ५०००. एका काचेत दोन रंगांचे दिवे मिसळू नका, सोनं एका बाजूला पिवळं आणि दुसऱ्या बाजूला फिकट दिसतं. दिव्याचा सीआरआय, म्हणजे त्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ९० च्या वर हवा. माणिक ठेवणार असाल तर दिव्याच्या माहितीपत्रकात आर-नाइन हा आकडाही बघा, लाल रंग किती खरा दिसेल ते त्यावरून कळतं.

असे दिवे लावणं म्हणजे गिऱ्हाइकाची दिशाभूल नाही का?

प्रश्न योग्य आहे आणि तो आम्हाला सराफच विचारतात, याचं समाधान वाटतं. पिवळसर उजेडात माणिक जास्त लाल दिसतं, नीलम काळपट दिसतो. निळसर उजेडात किंचित पिवळट हिरा पांढरा वाटतो. हे पदार्थविज्ञान आहे, ते कुणाला टाळता येत नाही. पण गिऱ्हाइकाला तेवढ्यावरच निर्णय घ्यायला लावलं तर ती दिशाभूल.

आमचा सल्ला असा: काउंटरवर एक साधा, दिवसाच्या उजेडासारखा दिवा कायम ठेवा, आणि स्टँडवरचा दागिना पसंत पडला की तो काढून त्या दिव्याखाली, शक्य असेल तर दाराशी नैसर्गिक उजेडात दाखवा. दहापट भिंग हातात द्या. सोन्याच्या दागिन्यावरचा हॉलमार्क आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक, दाखवा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेलं सोनं याच क्रमांकासह विकायचं आहे आणि बीआयएस केअर अ‍ॅपवर गिऱ्हाईक तो स्वतः तपासू शकतं. स्टँड गिऱ्हाइकाला आत आणतो. पुढचा विश्वास भिंग, तराजू आणि तुमचा शब्द यांनी मिळतो.

दिव्याने किंवा उन्हाने खड्यांना काही होतं का?

होतं, आणि कोल्हापुरात पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानांनी जास्त जपायला हवं. मावळतीची किरणं किती खोल आत शिरतात हे अंबाबाईचा किरणोत्सव बघितलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी ती किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात, तर रस्त्याकडेच्या काचेच्या शोकेसमध्ये ती सहज शिरणार. संध्याकाळी शोकेसच्या आत हात घालून बघा, गरम लागत असेल तर पडदा हवा.

ओपलमध्ये पाण्याचा अंश असतो, तो कोरड्या गरमीत तडकू शकतो. पाचूच्या बारीक भेगांमध्ये बहुधा तेल भरलेलं असतं, सततच्या उष्णतेने ते सुकतं आणि भेगा उघड्या दिसायला लागतात. मोती आणि पोवळं हे प्राण्यांपासून मिळणारे, कोरड्या उष्णतेत त्यांची तकाकी जाते. जांभळा अ‍ॅमेथिस्ट आणि गुलाबी कुंझाइट उन्हात महिनोन्‌महिने राहिले तर फिके पडू शकतात. आपल्याकडच्या पारंपरिक दागिन्यांत आत लाख भरलेली असते, तीही उष्णतेने मऊ होते. इमिटेशनचे खडे गोंदाने चिकटवलेले असतात, ते सुटतात.

जुने हॅलोजन दिवे अजून असतील तर आधी ते काढा. एलईडीचा झोत थंड असतो, पण त्याची मागची बाजू तापते, म्हणून तो बंद खोक्यात कोंबू नका. आणि नाजूक खडे एका जागी कायम ठेवण्याऐवजी आठवड्याला बदला. नाहीतरी रोज गुजरीतून जाणाऱ्याला तोच दागिना किती दिवस दाखवणार?

चांदी स्टँडवर लवकर काळी पडते. हुपरीहून हा प्रश्न सारखा येतो.

रौप्यनगरी म्हणवणाऱ्या हुपरीत पैंजण, जोडवी, वाळे यांचा व्यवसाय एवढा मोठा आहे की तिथल्या विक्रेत्यांना याचा त्रास रोजचा. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे, आणि ही संयुगं बऱ्याचदा स्टँडमधूनच येतात. रबराची गोल चकती, लोकरीचं फेल्ट, काही मखमलींचे रंग, चिकटवायचा गोंद, साधा पुठ्ठा. दागिना घसरू नये म्हणून तबकडीवर रबर लावतात, आणि तेच चांदीचं नुकसान करतं.

चांदीसाठी अ‍ॅक्रिलिक, काच किंवा न रंगवलेलं सुती कापड वापरा. घसरू नये म्हणून सिलिकॉनचे छोटे पारदर्शक ठिपके लावा. कापडाची शंका असेल तर घरच्या घरी पारखता येतं: चकचकीत केलेला चांदीचा तुकडा आणि त्या कापडाचा कपटा एका घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा, दुसऱ्या बरणीत नुसता चांदीचा तुकडा ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी दोन्ही शेजारी धरून बघा. पहिला काळवंडला असेल तर ते कापड नको.

पावसाळ्यात दमट हवेत हे आणखी वेगाने होतं. जून ते सप्टेंबर बंद शोकेसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळोवेळी बदला. चांदी काळी पडू न देणाऱ्या पट्ट्याही मिळतात, त्या बंद काचेतच काम करतात, उघड्या काउंटरवर नाही.

घरून मोबाइलवर व्हिडिओ काढते. कसा स्टँड घेऊ आणि कसं शूट करू?

पाच-सहा इंची, यूएसबीवर चालणारा, दिशा आणि वेग बदलता येणारा स्टँड पुरतो. एक फेरी २० ते ३० सेकंदांची ठेवा. व्हिडिओ जलद करायचा असेल तर नंतर करता येतो, पण जलद फिरवून काढलेला सावकाश केला की पुसट दिसतो.

मोबाइल ट्रायपॉडवर घट्ट बसवा. दागिन्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करा, नाहीतर खडा चमकला की कॅमेरा दचकतो आणि सगळं चित्र कधी काळपट, कधी फटफटीत होत राहतं. व्हिडिओत दिव्याच्या पट्ट्या सरकताना दिसत असतील तर तो विजेचा दोष आहे: ५० हर्ट्‌झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्ट्या जातात.

सोनं आणि चांदी आरशासारखी असल्याने त्यात तुमचा हात, मोबाइल आणि खोली दिसते. स्टँडच्या तिन्ही बाजूंनी पांढरा कार्डशीट उभा करा आणि दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर लावा. खडे असतील तर एक छोटा दिवा ट्रेसिंग पेपरशिवाय राहू द्या, म्हणजे चमक टिकते.

वेबसाइटवर बोटाने फिरवता येणारे फोटो हवे असतील तर ठरावीक अंश फिरून थांबणारा स्टेपर मोटरचा स्टँड घ्यावा लागेल. २४ फोटो म्हणजे दर १५ अंशांना एक, ३६ म्हणजे दर १० अंशांना एक. दागिन्याला ३६ पुरतात.

सुटा खडा उभा राहण्यासाठी मऊ, चिकट पुट्टी वापरता ना? काम झालं की लगेच काढा. तिचा तेलकट डाग राहतो, आणि मोती, ओपल, फिरोजा यांना तर ती लावूच नका.

वीजबिल किती येतं?

नगण्य. चार वॅटची मोटर रोज १० तास चालली तर महिन्याला सव्वा युनिटसुद्धा होत नाही. दिवे त्याहून जास्त घेतात.

चोरीचं काय? फिरत्या स्टँडवर खरं सोनं ठेवावं का?

उघड्या काउंटरवर कधीच नाही. फिरणाऱ्या तबकडीवरून एखादी वस्तू गेली तर पटकन लक्षात येत नाही, कारण डोळ्यांना तिथे बदलाची सवय झालेली असते. खरा माल कुलूपबंद, टफन काचेच्या आतच फिरवा आणि तबकडीवर मोजक्याच वस्तू ठेवा, चार म्हणजे चारच, म्हणजे एका नजरेत मोजता येतात. नवरात्रात आणि सुट्यांत महाद्वार रोडवर मुंगीला जागा नसते, त्या दिवसांत रस्त्याकडेच्या काचेत भारी माल न ठेवणं उत्तम. रात्री स्टँड रिकामा करून माल तिजोरीत. तुमच्या विम्यात शोकेसमधल्या मालाची अट काय आहे तेही वाचून ठेवा.

काच आणि तबकडी यांच्यात जागा किती सोडू?

तबकडी मोजू नका, तिच्यावरच्या वस्तूचा मध्यापासून सर्वांत लांबचा कोपरा मोजा. त्यापुढे किमान एक इंच मोकळी जागा. साखळीचं टोक तबकडीखाली लोंबणार नाही हेही बघा. ते फटीत ओढलं गेलं तर साखळी तुटते आणि गिअरही जातो.

साफसफाई आणि देखभाल?

अ‍ॅक्रिलिकला कोरडं फडकं घासलं की त्यावर स्थिर वीज तयार होते आणि धूळ आणखी चिकटते. मायक्रोफायबर किंचित ओला करून पुसा. काच पुसायचे अमोनियावाले स्प्रे आणि स्पिरिट अ‍ॅक्रिलिकवर अजिबात नको, त्याने बारीक तडे जातात आणि तबकडी कायमची धुरकट होते. मोटरमध्ये घरचं खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका. ते धूळ धरतं आणि प्लास्टिकच्या काही गिअरना चालत नाही. टकटक आवाज यायला लागला तर बंद करून दाखवून घ्या, बहुधा एखादा दात गेलेला असतो.

तयार मागवू की उद्यमनगरात बनवून घेऊ?

छोटा व्हिडिओ स्टँड हवा असेल तर तयार घ्या, बनवून घेणं परवडणार नाही. शोकेसच्या मापाचा, पाठीला पाठ लावलेला हारांचा स्टँड किंवा मजले असलेला पैंजणांचा स्टँड हवा असेल तर इथेच बनवून घ्या. शिवाजी उद्यमनगरात शाफ्ट लेथवर नेमका काढून मिळतो, बेअरिंग बसवून मिळतं, अ‍ॅक्रिलिक लेझरने कापून मिळतं. आणि मुख्य म्हणजे मोटर गेली तर बदलून मिळते. बाहेरून मागवलेल्या स्टँडचा खालचा डबा बरेचदा चिकटवून बंद केलेला असतो, उघडायचा तर फोडावा लागतो. म्हणून कुणाकडूनही घ्या, पण तळाला स्क्रू आहेत का ते बघून घ्या.

ऑटोमॅटिक घड्याळ ठेवलं तर त्याला चावी बसेल का?

नाही. चावी देणारं त्याचं आतलं वजन, म्हणजे रोटर, गुरुत्वाकर्षणाने फिरतं, आडव्या तबकडीवर ते जागेवरच राहतं. त्यासाठी वेगळा वाइंडर मिळतो.

ऑर्डर देताना तुम्हाला काय काय सांगू?

शोकेसची आतली लांबी-रुंदी-उंची, काचेचं दार कुठून उघडतं, दुकानाचं तोंड कोणत्या दिशेला आहे, प्लगची जागा कुठे आहे आणि कोणता दागिना ठेवणार. त्या दागिन्याचं वजन आणि शक्य असल्यास दुकानातल्याच दिव्याखाली काढलेला एक फोटो पाठवा. लग्नसराईसाठी किंवा पाडव्यासाठी हवा असेल तर महिनाभर आधी सांगा, कारण बसवून झाल्यावर दिव्यांचे कोन लावायला आम्हाला संध्याकाळी, अंधार पडल्यावर, तुमच्या दुकानात एकदा यावं लागतं.